अठ्ठावन्नच्या आतली शर्यत: रजिस्ट्रीवर आठ महिने

पीसीजीएस ही नाण्यांना दर्जा (ग्रेड) देणारी अमेरिकन कंपनी. तिच्या सेट रजिस्ट्रीत, म्हणजे संग्राहकांच्या ऑनलाइन संग्रह-शर्यतीत, आठ महिन्यांपूर्वी मर्क्युरी डाइमचा (जुनं दहा सेंटचं अमेरिकन नाणं) सेट लावला. राहतो न्यू जर्सीत, पगारावर जगणारा माणूस. मुख्य यादीत वरच्या नंबरांवर ६७-६८ ग्रेडची नाणी बघून आधी दोनदा गुपचूप बाहेर पडलो होतो. मग ‘एव्हरीमॅन’ विभाग सापडला. तिथे एयू ५८ (जेमतेम झिजलेलं) या ग्रेडच्या वरचं नाणं चालतच नाही. सत्तरच्या मोजपट्टीवर साठपासून कोरी नाणी सुरू होतात, म्हणजे इथे थोडं तरी खिशात फिरलेलंच नाणं लागतं.

या एका अटीने खेळच बदलतो. पैसा ओतून वर जायला एक छत येतं आणि नजरेला भाव येतो. माझा १९३५ चा डाइम दिव्याखाली तिरका धरला की चकाकी कडेकडेने फिरते, फक्त मागच्या बाजूच्या काठ्यांच्या मोळीवरच्या मधल्या पट्ट्यांवर आणि पुढच्या बाजूच्या चेहऱ्याच्या गालावर जरा मंद पडते. पिशवीत आपटून ओरखडे पडलेल्या ६१ पेक्षा हा कितीतरी देखणा. (पंखवाल्या रोमन देवावरून नाव मर्क्युरी पडलं, पण पंखांची टोपी घातलेली ती बाई लिबर्टी आहे!)

गुण देताना दुर्मीळ तारखांना वजन जास्त, यादीतल्या ज्या नाण्याचं घर रिकामं त्याला शून्य. त्यामुळे पैसे कुठे घालायचे हे आपोआप कळतं.

आता खटकलेलं. नोंदणी फुकट, पण नाणं त्यांनीच ग्रेड देऊन सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये हवं. अल्बममधलं मोजत नाहीत. आणि १९४४ चा डाइम इतका मुबलक की ग्रेडिंगची फी नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “अरे, दहा सेंटच्या नाण्याला एवढा खर्च? वर झिजलेलंच घ्यायचं म्हणतोस?” उत्तर नव्हतं. तेव्हापासून स्वतः ग्रेडिंगला पाठवणं बंद केलं, आधीच स्लॅब झालेली स्वस्तात मिळतील तशी घेतो. सामान्य माणसाला अडवणारी खरी भिंत ग्रेडची नाही, या डबीची आहे.

दुसरी अडचण १९१६-डी (‘डी’ ही डेन्व्हरची खूण). डेन्व्हरच्या टांकसाळीने त्या वर्षी २,६४,००० च पाडले. पार झिजलेलाही शेकडो डॉलरना जातो. मार्चमध्ये एका कॉइन शोमध्ये सुट्टा दिसला, भाव ओळखीच्या माणसाला सांगावा तसा गोड. भिंगातून मागची बाजू पाहिली: ‘वन’ शब्दाशेजारचा ‘डी’ धातूतून उगवल्यासारखा नव्हे, वर ठेवल्यासारखा, खाली बारीक फट. फिलाडेल्फियाच्या, खूण नसलेल्या नाण्याला डी चिकटवायची युक्ती जुनीच आहे. काही न बोलता परत ठेवला. विकणारा मात्र हसत होता.

७७ पैकी ५१ घरं भरली. १९२१-डी गेल्या आठवड्यात आला, व्हीजी ८, म्हणजे बराच झिजलेला. लिबर्टीचे केस जवळपास सपाट झालेत, तारीख मात्र स्वच्छ वाचता येते. १९१६-डीचं घर रिकामंच आहे.