हॉर्नबी डब्लोच्या नावाखाली माझे ४७,९०० रुपये गेले

चार महिने हे बायको आणि पोलीस सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. अजूनही वाटते. पण गेल्या रविवारी जुन्या बाजारात एकजण भेटला, म्हणाला मला नाशिकहून दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा हॉर्नबी डब्लो सेट (जुनी ब्रिटिश खेळण्यातली रेल्वे) मिळतोय, फक्त टोकन पाठवायचंय, आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्याला तिथेच थांबवलं. बाकीच्यांसाठी लिहितोय.

१९९८ ला कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम सुरू झालं तेव्हा मी सहावीत होतो, बाबा घेऊन गेले होते आणि तेव्हापासून हे वेड आहे. म्हणजे मी नवखा नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण ज्याला सांगावं तो म्हणतो "अरे पण तुला कळायला हवं होतं ना". हो, हवं होतं.

जाहिरात होती नाशिकहून, हॉर्नबी डब्लो, १९३८ चा सेट, सर नायजेल ग्रेस्ली नावाचं इंजिन, नंबर ४४९८, दोन डबे, तीन रुळांचा ट्रॅक, मूळ खोक्यासकट. किंमत २६,५००. हा आकडा इतका स्वस्त नव्हता की संशय यावा, आणि इतका महाग नव्हता की सोडून द्यावं. आजोबा जीआयपीत (ब्रिटिश काळातली रेल्वे कंपनी) होते, ४७ साली परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतला, असं विकणाऱ्याने सांगितलं. छान मराठी बोलायचा, सारखं "दादा, दादा". पिकअप शू (रुळातून वीज घेणारा भाग) म्हणजे काय, युद्धाआधीची इंजिनं आतून का चिरतात, सगळं त्याला माहीत. जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ असली की वर्षानुवर्षांनी बॉडी फुगते, तडे जातात, हे त्यानेच मला सांगितलं आणि वर म्हणाला आपल्याला एकही तडा नाही. आता वाटतं, युद्धाआधीचं कास्टिंग आणि एकही तडा नाही म्हटल्यावर मी दहा प्रश्न विचारायला हवे होते. मी खूश झालो.

आणि विश्वास बसायला कारण होतं. त्याने आधी एक पत्र्याचा मालडबा विकला होता, २,६०० रुपयांना, चार दिवसांत घरी आला, अस्सल निघाला. हेच लक्षात ठेवा, पहिला व्यवहार चोख झाला म्हणजे माणूस चोख असं अजिबात नाही, ते आमिष असतं.

टोकन ५,००० पाठवले. मग मी म्हटलं इंजिन चालवून दाखव, लाईव्ह. तो म्हणाला नोकरीसाठी बाहेर आहे, भाऊ व्हिडिओ पाठवेल. व्हिडिओ आला. निळं इंजिन, तीन रुळांवर गोल फिरतंय, मी परत परत बघितला, आणि तिसऱ्यांदा बघताना दिसलं की केबिनवर ४४९८ नाहीये, ७ आहे. आणि चाकांवरची झाकणाची पट्टी पण नाही. ज्यांना माहितीये त्यांना पुढे सांगायला नकोच. हे मॉडेल ज्यावरून बनवलं त्या खऱ्या रेल्वे इंजिनाची ती पट्टी युद्धाच्या काळात देखभालीला सोपं जावं म्हणून काढली, नंबर युद्धानंतर बदलून ७ झाला, आणि युद्धानंतरचं डब्लो मॉडेल तसंच निघालं. म्हणजे व्हिडिओतलं इंजिन १९३८ चं असूच शकत नाही. हे मला त्या क्षणी कळलं होतं! रात्री साडेअकरा वाजले होते, मी किचनमध्ये उभा होतो, मला सगळं आठवतंय.

मी विचारलं. तर तो एका सेकंदात म्हणाला, "दादा तुमची नजर मानली, आपल्याकडे दोन्ही आहेत, भावाने चुकून दुसरं लावलं. ते पण घेता का, १८,००० ला देतो." आणि मी तिथे पकड घालायच्या ऐवजी दुसऱ्या इंजिनाचा विचार करायला लागलो. एकाच घरातून दोन्ही, आधीचं आणि नंतरचं. ज्याला हा नाद आहे तो सांगेल की असं पुढ्यात आल्यावर डोकं चालत नाही. मी मूर्ख नाहीये, पण हाव सुटली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी उरलेले २१,५००, मग १८,०००, मग पॅकिंग आणि इन्शुरन्सचे ३,४००. शेवटचे दोन वेगळ्याच बाईच्या खात्यात, "मावशीचं खातं आहे, माझी लिमिट संपली". खात्यावरचं नाव बदललं की तिथेच थांबायचं, कारण काहीही सांगू देत. पुणे ते नाशिक एसटीने सकाळी निघून रात्री परत येता येतं, ते तिकीट मी वाचवलं.

नऊ दिवसांनी पार्सल आलं, चांगलं जड. आत फुटपाथवर मिळते ती सेलवरची प्लॅस्टिकची गाडी आणि वजनाला जुनी मासिकं. फोन बंद. मुलगी शेजारी उभी होती, म्हणाली "बाबा हीच का ती?" मी उत्तर दिलं नाही.

आता पुढचं. बँकेत गेलो तर म्हणे पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, मग आम्ही काय करणार, पोलिसांत जा. चौकीत गेलो तर तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "खेळण्याला अठ्ठेचाळीस हजार?" आणि बाजूचे दोघं हसले. मी ३९ वर्षांचा माणूस, ऑफिसमधून हाफ डे टाकून आलेलो, तिथे उभा. मग म्हणाले पार्सल तर मिळालंय ना, म्हणजे हा दिवाणी मामला. मग म्हणाले खातं बाहेरचं आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या. अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे, मी मोबाईलवर कलम १७३ काढून दाखवलं, तर "आम्हाला कायदा शिकवू नका". ऑनलाइन तक्रार केली, पावती नंबर आला, चार महिने स्टेटस एकच. पाच वेळा बोलावलं, पाचही वेळा त्याच स्क्रीनशॉटच्या प्रिंट मागितल्या, आधीच्या कुठे गेल्या ते कुणी सांगत नाही. एकदा बँकेचा शिक्का हवा म्हणून परत पाठवलं, शिक्का आणला तर साहेब रजेवर. आमच्यासारख्याचा पैसा म्हणजे पैसाच नाही का? दागिने गेले असते तर हसले असते का हे लोक?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लगेच, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही होतं. मी नऊ दिवस पार्सलची वाट बघत बसलो, तोवर खाती रिकामी.

फोटो मागाल तर इंजिन उलटं करून, खालचा भाग, शेजारी आजचा पेपर आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी, असा मागा. फोटो गुगलवर टाकून शोधा, मी नंतर शोधले तर दोन्ही परदेशातल्या लिलावाच्या पानांवर सापडले, पाच मिनिटांचं काम होतं. पार्सल फोडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या, माझ्याकडे नव्हता आणि चौकीत तेच तोंडावर मारलं. आणि मॉडेल कुठल्या सालचं ते फोटोत आणि व्हिडिओत जुळत नसेल तर विचारायलाही जाऊ नका, उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

त्याच्या फोटोतल्या निळ्या खोक्याच्या झाकणावर डावीकडे खाली चहाच्या कपासारखा गोल डाग आहे आणि उजवा कोपरा फाटलाय. हा खोका तुम्हाला कुणी विकायला दाखवला, किंवा यासाठी कुणाचे पैसे गेले असतील, तर मला कळवा. मला सोमवारी परत बोलावलंय. त्याच खात्यांवर दुसरी तक्रार जोडली तर एफआयआर घ्यायचा विचार करू असं म्हणालेत.