मातीच्या बांधाची तपासणी: पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा
आमच्या पाणीवापर संस्थेची शेती पुणे जिल्ह्यातील ज्या तलावावर अवलंबून आहे, त्याचा मातीचा बांध १९७२ च्या दुष्काळी कामांतला आहे. दुरुस्तीचा अधिकार खात्याचा असला, तरी बांधाची खरी अवस्था आपल्यालाही ठाऊक असावी, म्हणून वर्गणी काढून आम्ही शहरातील एका सल्लागार संस्थेकडून तपासणी करून घेतली.

प्रत्यक्ष पाहणी उत्तम झाली. मे महिन्यात तलाव आटलेला असताना पाण्याकडच्या उताराचे ढासळलेले पिचिंग (दगडी अस्तर) आणि विमोचकाचे, म्हणजे तलावातून पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेचे, तोंड दिसते, गळती मात्र दिसत नाही; तिच्यासाठी तलाव भरल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा येऊ, असे त्यांनी आधीच सांगितले आणि त्या फेरीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. ऑक्टोबरात पायथ्याच्या चरात व्ही-नॉच (प्रवाह मोजण्यासाठी व्ही आकाराची खाच असलेली पाटी) बसवून त्यांनी पाझरणारे पाणी मोजले, शिवाय बाटलीत धरून ते गढूळ आहे का तेही पाहिले. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणारच. ते स्वच्छ असेल आणि तलावाची पातळी तीच असताना वाढत नसेल, तर घाबरण्याचे कारण नसते, पण पाण्याबरोबर माती येऊ लागली, विशेषतः विमोचकाच्या नळीलगत, तर बांध आतून पोखरला जात आहे असे समजावे, हे त्यांनी आमच्या पाटकऱ्याला बांधावरच दाखवून दिले. सांडव्यावर वाळूची पोती रचून हातभर पाणी जास्त साठवण्याची आमची जुनी सवय त्यांनी स्पष्ट शब्दांत धोकादायक ठरवली, कारण मोठा पूर आल्यास पाणी माथ्यावरून जाते आणि माती तो मारा सोसत नाही. सभेत हे ऐकताना काहींचे चेहरे उतरले. पोती रचणाऱ्यांत मीही होतो.

अहवाल मात्र या पाहणीच्या तोडीचा नाही. तो जानेवारीत, रब्बीची आवर्तने सुरू झाल्यावर, हाती आला. त्याची सुरुवातीची पाने १२ जुलै १९६१ च्या पानशेत धरणफुटीवर खर्ची पडली आहेत. पुण्यात हा विषय टाळणे अवघड, हे मान्य. परंतु पानशेत काम अपुरे असताना पहिल्याच भरण्यात फुटले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बांधाचे दुखणे निराळे असते. उलट गळतीच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाणीपातळीच लिहिलेली नव्हती. पातळी नसेल तर पुढच्या वर्षी आकडा वाढल्यावर बांध बिघडला की केवळ साठा जास्त होता, हे ठरवता येत नाही. तीनदा फोन केल्यावर सुधारित पान आले.

काम याच संस्थेला पुन्हा देऊ, मात्र कार्यादेशात अहवालाची तारीख आणि पातळीसह नोंदी या दोन अटी घालून. व्ही-नॉच त्यांनी जागेवरच ठेवला आहे. पाटकरी आता दर सोमवारी त्याची नोंद वहीत करतो.