एन५४चे इंडेक्स १२ इंजेक्टर : माल चोख, पण बसवणाराही तसाच हवा

बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनाचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा नग, हातात घेतला की पार्ट नंबरच्या शेपटाला दोन आकडी इंडेक्स, म्हणजे आवृत्तीचा आकडा, दिसतो. पैसे मोजण्याआधी तो बघायचा. २००६ साली ३३५आय कूपेतून हे तीन लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन रस्त्यावर आलं. २००७ आणि २००८, लागोपाठ दोन वर्षं ते ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलं, आणि मालकांना मात्र त्याच्या इंजेक्टरांनी जेरीस आणलं. कंपनीने ते पुन्हा पुन्हा सुधारले. इंडेक्स १२ ही त्यातली शेवटची आवृत्ती, पार्ट नंबर १३५३८६१६०७९. जुन्यांच्या मानाने हिच्या गळतीच्या तक्रारी फार कमी आहेत. इंजेक्टर बदलायचाच असेल तर डोळे झाकून हाच घ्या. मात्र तो बदलायलाच हवा का, हे डोळे उघडे ठेवून ठरवा. नग महाग आहे, आणि या इंजिनात इंजेक्टरच्या माथी मारले जाणारे दोष थोडेथोडके नाहीत.

गळती होते कशी ते आधी. हा पिएझो (विजेने ताणल्या जाणाऱ्या स्फटिकावर चालणारा) इंजेक्टर दोन व्हॉल्व्हच्या मधोमध, स्पार्क प्लगच्या शेजारी, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडतो. त्याची सुई बाहेरच्या अंगाला उघडते. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब ५० ते २०० बार. सुईची बैठक जराशी झिजली किंवा तिथे कचरा अडकला, की इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये अडकलेलं पेट्रोल थेंब थेंब पिस्टनवर उतरत राहतं. मग सकाळी स्टार्टर लांबतो, गाडी पहिले काही सेकंद मिसिंग मारते, सायलेन्सरमधून पेट्रोलचा उग्र वास असलेला धूर निघतो, आणि मिनिटाभरात सगळं शहाण्यासारखं चालू लागतं. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तोवर दोष गायब.

स्कॅनरवर मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे) कोड येतात. पहिल्या सिलिंडरसाठी २९सीडी, दुसऱ्यासाठी २९सीई, असं करत सहाव्यासाठी २९डी२. कोड फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून आधी स्वस्तातलं काम उरका: त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) दुसऱ्यावर टाका आणि कोड तिच्या मागे जातो का बघा. गेला तर कॉइल. नाही गेला तर हेच प्लगच्या बाबतीत करा. इंजेक्टरची अशी अदलाबदल मात्र करू नका. एकदा उपसला की त्याच्या टोकाची टेफ्लॉन रिंग नवी घालावीच लागते.

यानंतर फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. एक ते तीन सिलिंडर एका बँकेत (गटात), चार ते सहा दुसऱ्या बँकेत, आणि दोन्हींचे ऑक्सिजन सेन्सर वेगळे. आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एकाच बँकेचा ट्रिम ठळकपणे उणे, दुसरा शून्याच्या आसपास, आणि गाडी ओढायला लागली की फरक मावळतो, असं चित्र गळतीकडे बोट दाखवतं. कारण सरळ आहे. आयडलला इंजिनाला पेट्रोल जेमतेम लागतं, तिथे गळणारे थेंबही जड होतात. भार आला की तेच थेंब हिशेबात दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती रेलला दाब देणाऱ्या हाय प्रेशर पंपाशी. एन५४चा तो पंपही तितकाच बदनाम. स्टार्टर त्याच्यामुळेही लांबतो. २९एफ२ किंवा २एफबीएफ हे कमी दाबाचे कोड सोबत असतील तर आधी पंप आणि टाकीतला लो प्रेशर पंप तपासा. इंजिन बंद केल्यावर रेलचा दाब झरझर उतरतो म्हणून इंजेक्टर दोषी, असंही नाही. दाब पंपाच्या बाजूनेही परत उतरू शकतो. शिवाय गरम इंजिनात अडकलेलं पेट्रोल तापून दाब सुरुवातीला थोडा वाढतोही, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांचे आकडे बघून निकाल देऊ नका. निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास असेल तर ते टर्बोच्या सीलचं किंवा ब्रीदरचं (इंजिनातली ऑइलची वाफ बाहेर काढणाऱ्या भागाचं) प्रकरण. त्याचा या पार्टशी संबंध नाही.

पक्का निकाल कॅमेरा देतो. गाडी पूर्ण गरम करून बंद करा, रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्टर न मारता सहाही प्लग काढा आणि बोअरस्कोप आत सोडा. गळक्या सिलिंडरचा पिस्टन ओला दिसतो. जुनी गळती असेल तर त्याच्यावरचा कार्बन धुऊन निघालेला असतो, बाकीचे पाच काळे आणि हा एकटा चकचकीत. प्लग बाहेर असताना, कॉइल जोडलेल्या ठेवून स्टार्टर मारण्याचा मोह टाळा. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी, पुढचं सांगायला नको.

काही ठिकाणी ‘इंजेक्टर क्लीनिंग’ करून देतो म्हणतात. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच सोडणाऱ्या) गाडीला ते यंत्र ठीक, पण ते चालतं तीन-चार बारवर आणि साध्या सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी. २०० बारच्या पिएझोची परीक्षा त्यावर होत नाही. टाकीत ओतायची बाटली फार तर मळ काढेल, झिजलेली बैठक भरून देणार नाही. ‘रिकंडिशन्ड’ इंडेक्स १२ च्या वाटेलाही जाऊ नका.

आता बसवण्याविषयी, कारण चांगला माल वाया जातो तो इथे. इंजिन थंड हवं, रेलचा दाब उतरलेला हवा. इंजेक्टरला १०० व्होल्टच्या वर वीज जाते, म्हणून चालू इंजिनात त्याचा विजेचा कनेक्टर उपसू नका आणि तपासायला म्हणून बॅटरीची वायर लावू नका. काढताना ओढ सरळ वर, स्लाइड हॅमरने. कनेक्टरला धरून पिळलं की नग कामातून गेला. इंजेक्टर बसतो ते भोक नायलॉनच्या ब्रशने साफ करा, तारेच्या नको. नव्या नगाच्या टोकावरचं टोपण आत घालायच्या क्षणापर्यंत राहू द्या. टेफ्लॉन रिंग त्यानेच दाबून ठेवलेली असते, मोकळी झाली की फुगते. जुना इंजेक्टर परत घालत असाल तर रिंग आणि डिकपलिंग एलिमेंट (कंप अडवणारा भाग) नवे, रिंग अवजाराच्या शंकूवरून चढवून स्लीव्हने दाबायची, तेल-ग्रीस लावायचं नाही, आणि लगेच बसवायचा. टोकाला हात किंवा फडकं लावू नका. पाइपचे नट आधी हाताने बसले पाहिजेत. पाइप ताणून जुळवला तर पुढची गळती तिथून.

बसवून झालं की कोडिंग. प्रत्येक इंजेक्टरवर जुळवणीचे आकडे छापलेले असतात, एक इंधनाच्या मात्रेचा, एक व्होल्टेजचा. ते ज्या सिलिंडरमध्ये तो नग गेला त्याच सिलिंडरला डीएमईमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायचे. म्हणून बसवण्याआधी सहाही नगांचे फोटो काढून ठेवा, नंतर आकडे दिसत नाहीत. आकडे चुकले तर नवा कोरा इंजेक्टर असूनही आयडल थरथरतं आणि दोष पार्टवर येतो. एका बँकेत जुना आणि नवा इंडेक्स मिसळू नका. एकच गळत असेल आणि शेजारचे जुन्या इंडेक्सचे असतील, तर तीन बदलणं खर्चिक पण सरळ.

एक सावधगिरी: नंतरच्या ३३५आयमध्ये एन५५ इंजिन आहे. त्याचे इंजेक्टर सोलेनॉइडचे, हे त्यात बसत नाहीत. मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, व्हीआयएन (चासी नंबर) द्या.

पहिल्या स्टार्टआधी इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद करून पेट्रोल भरू द्या, मग प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. इंजिन ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालेलं असतं, आणि त्याच ऑइलवर दोन्ही टर्बोंची बेअरिंगं फिरतात.