जंगलातला मुक्काम: खोली पाणवठ्याजवळ, गच्च झाडीत की कुरणाच्या कडेला?

जंगलातल्या मुक्कामाच्या जागी साधारण तीन तऱ्हेच्या खोल्या मिळतात: पाण्याजवळची, झाडीच्या पोटातली आणि झाडी संपून कुरण लागतं तिथली. प्राणी-पक्षी बघायलाच जात असाल, तर आमचं मत कुरणाच्या कडेला.

हरणं, ससे चरायला उघड्यावर येतात, पण धोका दिसताच आडोसा गाठता यावा म्हणून झाडीच्या आसपासच राहतात. उजाडताना आणि दिवस मावळताना डोळे तिथेच लावून बसा. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात वटवाघळं झाडांच्या ओळीला धरून फिरू लागतात. मागे आभाळात उजेड असतो, म्हणून ती स्पष्ट दिसतात. गव्हाणी घुबड उंदरांच्या मागावर कुरणावरून अगदी खालून उडतं. व्हरांडा पूर्वेला तोंड करून असेल, तर सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि समोरचं जनावर नुसतं काळं दिसतं. वाराही बघा. तुमच्याकडून कुरणाकडे वाहत असला, तर हरणांना माणसाचा वास लागतो आणि ती बाहेर पडत नाहीत.

कोरड्या दिवसांत मात्र पाणवठ्याला तोड नाही. पाऊस झाला की जागोजागी डबकी साचतात, प्राणी पांगतात, आणि मग तिथे बेडूक, चतुर आणि खंड्या बघायचे. पाण्यावर झुकलेल्या फांदीखाली विष्ठेचे पांढरे डाग दिसले, तर ती खंड्याची नेहमीची जागा असू शकते. लांब बसून वाट बघा. काठचा ओला चिखल सकाळी पायाने तुडवण्याआधी वाचून घ्यावा: कोल्ह्याच्या ठशात बहुधा नखं उमटतात, रानमांजराच्या सहसा नाहीत, कारण चालताना ते नखं आत ओढून घेतं. पाण्याला खेटून असलेली खोली टाळा. व्हरांड्यात बोलणं चालू असलं की लाजरी जनावरं पाण्यावर यायचं लांबवतात.

गच्च झाडीत सावली छान, पण नजर थोड्याच अंतरावर अडते. सुतारपक्ष्याची टकटक आणि घुबडांचे आवाज ऐकायचे असतील, तरच ती घ्या.

दुर्बीण १०×२५ पेक्षा ८×४२ न्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). दहा पटीला भुलू नका: पहिलीतून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत २.५ मिलिमीटरचा, दुसरीतून सव्वापाच. संधिप्रकाशात हाच फरक जाणवतो. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगाटात ती वाया जातात. म्हणून मंद लाल प्रकाशाची बॅटरी ठेवा, व्हरांड्यातला पांढरा दिवा बंद करा.

खोली ठरवण्याआधी खरकटं कुठे टाकतात तेही विचारा. उघडा कचरा असला की उंदीर येतात, उंदरांमागे साप. आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी जिथे जनावरांना खायला घालतात, तिथे जाऊच नका: माणसाची भीड चेपलेलं रानडुक्कर पुढे हातातली पिशवी ओढतं, माणसांना जखमी करतं, आणि शेवटी जीव त्याचाच जातो.