बुळकांडीची प्लाउराइट लस: एकदा टोचली की झालं, फक्त बर्फ सांभाळा

रेटिंग: पाचपैकी साडेचार

लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा टोचावी लागते, परत तीच गुरं धरायची परत तीच मारामारी, आणि त्या विषाणूचे सात प्रकार असल्यामुळे एकाची लस दुसऱ्याला चालतही नाही. म्हणून मला वॉल्टर प्लाउराइट या पशुवैद्यक शास्त्रज्ञाच्या बुळकांडीवरच्या, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या विषाणू-रोगावरच्या लसीबद्दल एवढं कौतुक आहे. ती आता कुणाला टोचायची गरज नाही, २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं, पण कुठलीही नवीन लस आली की मी मनात तिची तुलना हिच्याशीच करतो.

आधी काम कसं केलं ते सांगतो. केनियात मुगुगाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास प्लाउराइट आणि त्यांचे सहकारी फेरिस यांनी काबेटे ओ नावाचा जहाल विषाणू घेतला आणि वासराच्या किडनीच्या पेशींमध्ये तो पुन्हा पुन्हा वाढवत नेला, साधारण नव्वद वेळा, तोपर्यंत त्याची रोग करायची ताकद गेली पण प्रतिकारशक्ती जागी करायची ताकद राहिली. याच्या आधी एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने भारतात मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात बकऱ्यांमध्ये वाढवून केलेली लस होती, तिने पण खूप जनावरं वाचवली, पण काही जातींना ती जड जायची, ताप यायचा, कधी जनावर दगावायचंही. प्लाउराइटच्या लसीचं तसं नाही. कुठल्याही जातीच्या गाईला द्या, गाभण असली तरी द्या, आणि टोचलेल्या जनावरापासून विषाणू शेजारच्याला लागत नाही. एका डोसात जवळजवळ जन्मभराचं संरक्षण! बुळकांडीच्या विषाणूचा सिरोटाइप, म्हणजे लसीच्या दृष्टीने प्रकार, एकच, त्यामुळे हीच लस सगळीकडे चालली, हा नशिबाचा भागही मान्य करायला हवा. पण ज्या रोगात तोंडात फोड, नंतर हगवण आणि हा रोग आधी कधी न आलेल्या कळपात शंभरातली नव्वद जनावरं आठ-दहा दिवसांत आडवी, त्या रोगाला असं औषध मिळणं म्हणजे काय ते गुरं पाळणाऱ्यालाच कळेल.

आता अर्धा स्टार का कापला ते. ही लस गारव्याशिवाय टिकत नाही. पावडर करून बाटलीत भरलेली असली तरी फ्रीज लागतो, सलाईनमध्ये कालवली की काही तासांत संपवायची. वीज नाही, रस्ता नाही आणि गुराखी पाण्याच्या मागे फिरतोय, तिथे बर्फाचा डबा घेऊन कोण पोचणार. आफ्रिकेत १९६२ ते १९७६ मोठी मोहीम झाली, रोग खूप कमी झाला पण दुर्गम कोपऱ्यांत शिल्लक राहिला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथूनच परत उसळला. मोहीम ढिली पडली हेही कारण होतंच, सगळा दोष लसीचा नाही, पण बर्फाची अट नसती तर ते कोपरे इतके अवघड गेले नसते असं मला ठाम वाटतं. जेफ्री मरिनर या पशुवैद्यकाने पुढे तोच विषाणू व्हेरो पेशींत (माकडाच्या किडनीपासून केलेल्या पेशी) वाढवून, सुकवायची पद्धत बदलून थर्मोव्हॅक्स नावाची लस केली, ती फ्रीजबाहेर महिनाभर टिकायची, आणि मग इथिओपियाच्या अफार भागात, दक्षिण सुदानमध्ये स्थानिक पशुपालकांनाच शिकवून त्यांच्या हातात लस दिली, ते पायी गेले आणि टोचून आले. माझ्या मते खरा निकाल तिथे लागला. मूळ लसीला पुरेपूर मान आहे, पण ही सुधारणा व्हायला जवळपास तीस वर्षं लागली याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक अडचण म्हणजे रक्त तपासून लस दिलेलं जनावर आणि रोगातून उठलेलं जनावर वेगळं ओळखता येत नाही. त्यामुळे रोग गेला हे सिद्ध करायला देशांना लसीकरण थांबवून नंतर कळप तपासत बसावं लागलं. लस थांबवणं म्हणजे केवढी धाकधूक असेल बघा.

प्लाउराइट यांना १९९९ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, २०१० मध्ये ते गेले, रोग संपल्याची जगभरची घोषणा त्यानंतर वर्षभराने झाली.

आता २०३० पर्यंत शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग संपवायचं ठरलंय, विषाणू त्याच घराण्यातला आणि लसही एका डोसात वर्षानुवर्षं टिकणारी. ज्यांच्याकडे खरेदीचा निर्णय आहे त्यांनी उष्णतेत टिकणारी लसच मागावी आणि किती अंशाला किती दिवस टिकते हे कंपनीकडून लेखी घ्यावं.