मिठाच्या पाण्यातली द्राक्षाची पाने : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत वाढलो, पण चाळिशी गाठेपर्यंत द्राक्षाचे पान कधी तोंडात घातले नव्हते. आमच्याकडे पान उलटे करून पाहायचे ते भुरी किंवा डाऊनी हा बुरशीचा रोग आला आहे का हे कळावे म्हणून, आणि छाटणीत निघालेला पाला शेळ्यांपुढे टाकायचा. नोकरीनिमित्त तुर्कस्तानात इझमीरला आल्यावर मे महिन्यातल्या आठवडी बाजारात हीच पाने जुड्या लावून किलोच्या भावाने विकायला ठेवलेली पाहिली, तेव्हा आधी हसूच आले. विक्रेत्याने जात सांगितली ‘सुलतानी’, पाने शेजारच्या मनिसा जिल्ह्यातली. सुलतानी म्हणजे आपण जिला थॉमसन म्हणतो तीच बिनबियांची जात. आपली तास-ए-गणेश ही तिच्यातूनच निवडलेली.

इथे ताजी पाने वसंतात जेमतेम दीड-दोन महिने मिळतात, आणि ‘सारमा’ म्हणजे पानात भात गुंडाळून शिजवलेल्या बोटाएवढ्या वळकट्या खरे तर हिवाळ्यातच जास्त केल्या जातात. त्यामुळे बहुतेक घरांत पाने खारवून ठेवतात. आमच्या शेजारी एक वयस्कर बाई राहतात, त्यांना सगळे ‘तेय्झे’ म्हणजे मावशी म्हणतात. त्यांच्या देखरेखीखाली मी गेल्या मेच्या मध्यावर तीन किलो पाने तीन निरनिराळ्या पद्धतींनी ठेवली. आता मार्च सरत आला आहे आणि मोजक्याच जुड्या उरल्या आहेत.

पानाबद्दल आधी लिहितो, कारण माझ्या मते निम्मे यश तिथेच ठरते. फुटीच्या शेंड्यापासून तिसरे ते पाचवे पान, तळहाताएवढे, पोपटी रंगाचे आणि खालच्या बाजूने लव नसलेले असावे. शिरेवर नख टेकवले तर ती सहज दबली पाहिजे. माझ्या तिसऱ्या किलोत विक्रेत्याने खालची जून पाने बेमालूम मिसळली होती. ती दहा महिने मिठात राहूनही चामड्यासारखीच निघाली आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी अंथरण्याच्याच कामी आली. दुसरी खबरदारी फवारणीची. द्राक्षावर गंधक आणि ताम्रयुक्त औषधे सर्रास मारली जातात, म्हणून खाण्यासाठी पाने विकणारा शेतकरी कोणता याची चौकशी केल्याशिवाय घेऊ नयेत. तेय्झे वर्षानुवर्षे एकाच बाईकडून घेतात, त्याचे कारण हेच.

पहिली पद्धत कच्च्या पानांची. पाने धुऊन, देठ खुडून, पंचवीस-पंचवीसची चळत एकाच दिशेने लावायची, तिची घट्ट सुरळी करून सुती दोऱ्याने बांधायची आणि काचेच्या बरणीत उभी ठासायची. वरून उकळून पूर्ण गार केलेले मिठाचे पाणी ओतायचे. मी लिटरला १०० ग्रॅम जाडे मीठ घेतले. तेय्झे वजनकाटा वापरत नाहीत. ताजे अंडे पाण्यात सोडून त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसेपर्यंत त्या मीठ घालत राहतात, आणि त्यांचे पाणी माझ्या पाण्याइतकेच खारट निघाले. वर लिंबाच्या दोन चकत्या आणि उकळून घेतलेला जड गोटा ठेवला. तिसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले, पाणी गढुळले आणि आठवड्याच्या आत बरणीतून ओघळून कपाटाच्या फळीवर आले. हा दोष पद्धतीचा नव्हे, काठोकाठ भरणाऱ्या माझा. आंबण्याच्या या दिवसांत बरणी ताटात ठेवावी आणि झाकण घट्ट लावू नये. पुढे पाने पोपटीची ऑलिव्हच्या रंगाची होतात. आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते म्हणून हा बदल होतो, त्यात बिघडले असे काही नाही.

दुसऱ्या पद्धतीत पाने उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुचकळून, लगेच गार पाण्यात टाकून मग बरणीत भरली. ती दबतात, त्यामुळे तेवढ्याच बरणीत जास्त मावतात आणि बुडबुडे फारसे येत नाहीत. मात्र जुलैत या बरणीतल्या वरच्या दोन जुड्या पाण्याच्या वर आल्या, त्यांवर पांढरा पापुद्रा धरला आणि त्याखाली हिरवट बुरशी सापडली. नुसता पापुद्रा असता तर काढून टाकला असता, पण पाने बुळबुळीत लागत होती, म्हणून पन्नास पाने फेकून दिली. लोणच्याच्या फोडी तेलाखाली बुडाव्या लागतात हे आईने शंभरदा सांगितलेले असूनही हे घडले.

तिसरी पद्धत इथे फार लोकप्रिय आहे : कोरड्या पानांवर मीठ भुरभुरून, छोट्या सुरळ्या करून त्या लाटण्याच्या टोकाने पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठासायच्या, बाटली दाबून हवा काढायची आणि बूच लावायचे. जागा कमी लागते, पाणी सांडत नाही, रंगही सर्वांत हिरवा राहतो. तक्रार एवढीच की बाटली सुरीने कापावी लागते आणि एकदा कापली की सगळी पाने संपवावी लागतात. चौघांच्या घरात हे जमत नाही, आणि इतके महिने मीठ आणि आंबट पान प्लॅस्टिकला चिकटून राहणे मला स्वतःला रुचत नाही.

नोव्हेंबरात पहिल्यांदा सारमा केले तेव्हा घरातल्या कोणीही दुसरे उचलले नाही. पाने गार पाण्यात दहा मिनिटे ठेवून मी निर्धास्त झालो होतो आणि भातातही नेहमीसारखे मीठ घातले होते. आता मी जुडीचा दोरा सोडून पाने मोकळी करतो, गरम पाण्यात अर्धा तास ठेवतो, पाणी दोनदा बदलतो आणि मग देठाजवळचा कोपरा चावून पाहतो : खारटपणा मागे सरून लिंबासारखा आंबटपणा पुढे आला की पान तयार. सारणात मीठ नावालाच. पानाची गुळगुळीत बाजू खाली, शिरा वर. देठाच्या बाजूला चमचाभर सारण, दोन्ही कडा आत दुमडून सैलसर वळायचे, कारण तांदूळ फुगतो आणि घट्ट वळलेले पान शिरेवर फाटते. अळूवडीचा हात असलेल्यांना हे अवघड जाऊ नये, फक्त तिथल्यासारखे आवळायचे नाही. पातेल्यात वर पालथी ताटली ठेवून मंद आचेवर पाऊण तास. सारणात कांदा, ऑलिव्ह तेल, वाळलेला पुदिना, काळ्या मनुका आणि कबाबचिनी (ऑलस्पाइस) असते. एकदा मी गावाहून आणलेला इंद्रायणी तांदूळ वापरला. तो इथल्या बाल्दो तांदळाइतकाच छान चिकटून आला, पण त्याचा वास मात्र पानापुढे टिकला नाही.

तिन्हींत कच्च्या पानांची बरणी मी पहिली ठरवतो. फेब्रुवारीत काढलेले तिचे पान हातात ओल्या रेशमी कापडासारखे लवते, ताणले तरी फाटत नाही, आणि आंबण्यामुळे आलेली चव उकळत्या पाण्यातून काढलेल्या पानांत मिळत नाही. जानेवारीत याच पानांत तारली गुंडाळून तव्यावर भाजली, तीही उत्तम झाली. येत्या मे महिन्यात दोन किलो पाने याच पद्धतीने, अर्ध्या लिटरच्या लहान बरण्यांत भरणार आहे, म्हणजे उघडलेली बरणी लवकर संपेल.

भावाने फोनवर विचारले की एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आपल्या बागेत जी कोवळी फूट येते, तिची पाने ठेवता येतील का. जात तीच आहे, पान तसेच पातळ आहे, तरी मी नको म्हटले, कारण त्या फुटीवर औषधांचे हात सुरूच असतात. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला, कधीच न फवारलेला एक जुना वेल आहे. त्याची पन्नास पाने एका लहान बरणीत घालून पाहा, असे त्याला सांगितले आहे.