घरपोच शुश्रूषा सेवा : नागपुरातील नऊ महिन्यांचा अनुभव

खुब्याचे हाड मोडल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या ८४ वर्षांच्या आईसाठी आम्ही गेले नऊ महिने त्रिमूर्तीनगरातील घरी एका खासगी संस्थेची शुश्रूषा सेवा घेत आहोत. सकाळी आठ ते रात्री आठ या पाळीत आंघोळ, औषधे, कूस बदलणे, साखर तपासून वहीत नोंदवणे ही कामे सेविका करते. महिन्याला २१ हजार रुपये पडतात.

सध्याच्या ताई मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आहेत. त्यांनी आईच्या पाठीवरची जखम चिकाटीने भरत आणली आणि अंथरुणाला खिळलेली आई आज वॉकर धरून अंगणापर्यंत जाते, याचे श्रेय मी निःसंकोचपणे त्यांना देते. संस्थेबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. पहिल्या दोन महिन्यांत चार सेविका बदलल्या आणि प्रत्येक वेळी ते त्याच दिवशी सकाळी फोनवरून कळले. नव्या बाईच्या हातून आंघोळ करून घेताना आईला किती संकोच वाटे, हे मी रोज पाहत होते. आमच्या पैशांतले सेविकेला किती मिळतात, या प्रश्नाचेही सरळ उत्तर मिळाले नाही.

आजी आजारी असताना आईने व तिच्या सहा भावंडांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. आम्ही तिघे भावंडे. आमची मिळून मुले तीन, आणि तिघेही नागपूरबाहेर नोकरीला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर (म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले) २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ झाला, पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यास साधारण २.१ लागतो. मुली शिकल्या, लग्ने उशिरा होऊ लागली, जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाढली आणि शहरात मूल वाढवणे महागले. यातली पहिली तीन कारणे आनंदाचीच आहेत. पण आयुर्मानही वाढल्याने आजारी माणसाजवळ बसायला घरात कोणी उरत नाही, आणि ती उणीव बालाघाट-गोंदियाकडच्या लेकी भरून काढतात.

तिकडेही तेच घडते आहे. याच काळात मध्य प्रदेशचा जननदर ३.१ वरून २.० वर आला, शेजारच्या छत्तीसगडचा २०१९-२१ मध्ये १.८ होता. जननदर जास्त असताना जन्मलेल्या, संख्येने मोठ्या पिढ्या अजून तरुण असल्यामुळे लोकसंख्या लगेच घटत नाही. मात्र दरवर्षी कामाच्या वयात येणाऱ्यांची संख्या पुढे कमी होत जाणार. एक गेली तर दुसरी पाठवू, हा संस्थेचा हिशेब म्हणूनच मला चुकीचा वाटतो. चांगल्या सेविकेला पुरेसा पगार, आठवड्याची सुटी आणि येण्याजाण्याचा खर्च देऊन टिकवणे हे रुग्णाच्याही हिताचे आहे.

सेवा घ्यावी, असेच मी सांगेन. करार करताना सेविकेचा वाटा, तिची सुटी आणि बदली सेविकेची किमान तीन दिवस आधी सूचना, या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात. आम्ही सहाव्या महिन्यात त्या लिहून घेतल्या आणि त्यानंतर ताई बदललेल्या नाहीत.